कणा, पंचनामा आणि मामांचा प्रश्न

पूर आला की ती कविता येतेच. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली पाण्यात होतं तेव्हा आली, २०२१ मध्ये चिपळूण-महाडच्या वेळी आली. गेल्या वर्षी, २०२५ च्या सप्टेंबरात, सीना नदीनं सोलापूर जिल्ह्यात पात्र सोडलं तेव्हाही आली. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी लांबोटीच्या पुलाचा व्हिडिओ, मग सोलापूर-पुणे महामार्ग बंद झाल्याची बातमी, मग पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेल्या उसाचे फोटो, आणि त्यानंतर पुण्यातल्या मावसभावानं टाकलेली कुसुमाग्रजांची ‘कणा’. खाली तीन हात जोडलेले इमोजी आणि ‘बळीराजा, लढ!’

तुमच्याही फोनमध्ये कधी ना कधी ती आलीच असेल. शाळेच्या गॅदरिंगमध्ये कुणीतरी म्हटलेली असेल. मीही म्हटली आहे, नववीत, बक्षीसही मिळालं होतं. पुढे मराठीत एम.ए. केलं. तरी या कवितेविषयी मला कधी प्रश्न पडला नव्हता. तो पडला माझ्या मामांना.

मामांचं गाव सीनेच्या काठावर, मोहोळ तालुक्यात. पाणी उतरल्यावर मामा-मामी सोलापुरात आमच्या घरी आले. सोबत एक पिशवी. तिच्यात सातबारा, आधार कार्डं, बँकेचं पासबुक आणि मामीचं मंगळसूत्र. रात्री जेवणं झाल्यावर मामांनी माझा फोन घेतला आणि गावाकडचं काही आलंय का बघता बघता ती कविता वाचली. अख्खी, ओठ हलवत, सावकाश. मग म्हणाले,

“लई बराबर लिवलंय बघ. पर ह्या पोरानं पैसं का घेतलं न्हाईत?”

मी म्हटलं, “स्वाभिमान, मामा.”

“आगं, भिंत बांधायलाय म्हणतंय की. सिमीट काय स्वाभिमानात कालवतंय व्हय?”

मामी हसली. मीही हसले. पण नंतर झोप येईना. मामांचा प्रश्न समीक्षेचा होता आणि माझं उत्तर गाईडमधलं होतं.

*

म्हणून मी कविता पुन्हा वाचायला घेतली, या वेळी बक्षीस मिळवायला नाही. 

तिच्यात घडतं ते एवढंच. पावसात भिजलेला एक माजी विद्यार्थी आपल्या सरांकडे येतो. नदी घरात शिरून सगळं घेऊन गेली, हे तो रडत नाही, जवळजवळ थट्टेच्या सुरात सांगतो. नदीला पाहुणी म्हणतो. बायकोला बरोबर घेऊन तो पडकी भिंत उभी करतोय, गाळ उपसतोय. सरांचा हात खिशाकडे जातो तसा तो उठतो. त्याला पैसे नको असतात. एकटं वाटत होतं म्हणून तो आलेला असतो. त्याला धीराचा एक शब्द हवा असतो.

आता नीट बघा, इथे देणारा कोण आहे? एक शिक्षक. त्यांचा खिसा हा त्यांच्या पगाराचा खिसा आहे. या मुलाचं ते काही देणं लागत नाहीत. अशा माणसाकडून पैसे न घेणं हा खरोखर स्वाभिमान आहे. आपणही घेतले नसते. ज्याच्याकडे पैसे मागायचे नाहीत त्याच्याकडे पैसे न मागता जे मागायचं तेच मागणं, ही त्या मुलाची समज आहे. कविता तिथे अगदी अचूक आहे.

घोटाळा होतो तो फॉरवर्ड करताना. कवितेतले सर बाजूला होतात आणि त्यांच्या जागी नकळत सरकार येऊन बसतं, समाज येऊन बसतो, टीव्हीवरचा अँकर येऊन बसतो. दोन माणसांमधलं बोलणं सगळ्या पूरग्रस्तांच्या वतीनं दिलेलं निवेदन होऊन जातं: आम्हाला पैसे नकोत, फक्त लढ म्हणा. पण सरकारचा खिसा हा खिसा नसतो, ती तिजोरी असते. तिच्यात मामांचेही पैसे असतात. खताच्या पोत्यावर, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांवर, मामीच्या साबणावर भरलेला कर असतो. तिथून पैसे घेताना उठून उभं राहायची काही गरज नाही. बसूनच घ्यावेत, आणि मोजून घ्यावेत.

इथे थांबले असते तर कवितेची सुटका झाली असती. फॉरवर्ड करणारे चुकले, कवी नाही. पण मला ते पुरेसं प्रामाणिक वाटत नाही. या कवितेच्या रचनेतच असं काहीतरी आहे, ज्यामुळे तिचा असा वापर सोपा होतो. खिशाकडे जाणारा हात आणि मुलाचं उठणं या दोन हालचाली तिनं एकाच क्षणात बांधल्या आहेत. त्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात पैसा एका बाजूला आणि ताठ कणा दुसऱ्या बाजूला जाऊन बसतो. जो पैसे घेईल त्याचा कणा थोडा वाकला, असं कविता म्हणत नाही, पण आपण ऐकतो. शिवाय नदी पाहुणी झाली की प्रश्नच मिटतो. पाहुणीला जाब कोण विचारणार? सीनेला आलेलं पाणी मात्र अहिल्यानगर, बीड, धाराशिवकडे पडलेल्या पावसाचं आणि सीना-कोळेगावसह वरच्या प्रकल्पांतून सोडलेलं होतं. ते कधी सोडलं, किती सोडलं, खालच्या गावांना कधी सांगितलं, हे विचारता येतं. पाहुणीच्या रूपकात ते विचारायला जागा उरत नाही.

मोठ्या कवीची चांगली कविता आहे म्हणूनच हे बोलायला हवं. वाईट कवितेनं एवढं काम केलं नसतं.

*

‘कणा’नंतर दोन आठवड्यांनी दुसरा मजकूर फोनमध्ये आला. ७ ऑक्टोबर २०२५ ला राज्य सरकारनं ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. २९ जिल्ह्यांतल्या २५३ तालुक्यांसाठी. ग्रुपवर त्याचा तक्ता फिरायला लागला. त्यामागोमाग शासन निर्णयांच्या पीडीएफ. मामांच्या विनंतीवरून मी त्या मोठ्यानं वाचल्या. कवितेपेक्षा हे वाचन जास्त वेळ चाललं, आणि खरं सांगते, मामांनी ते जास्त लक्ष देऊन ऐकलं.

शासन निर्णय हा मराठीतला सर्वांत जास्त परिणाम करणारा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा गद्यप्रकार आहे. त्यावर कुणी समीक्षा लिहीत नाही. लिहायला हवी.

त्याच्या बाजूनं पहिल्यांदा बोलते. तक्ता रुक्ष असतो, पण तो मोजतो. कवितेत घर आहे, चूल आहे, भिंत आहे, पण म्हैस नाही. तक्त्यात म्हैस आहे: दुधाळ जनावराला ३७,५०० रुपये. बैल आहे. खचलेली विहीर आहे: ३०,००० रुपये. कोंबडीसुद्धा आहे: एका कोंबडीला १०० रुपये. मामीनं कोंबडीचं नाव ऐकलं आणि पहिल्यांदाच मान वर केली. तिच्या अकरा कोंबड्या गेल्या होत्या आणि तोवर कुणी त्यांचा विषयच काढला नव्हता. एखाद्याचं नुकसान नाव घेऊन मोजणं हीसुद्धा एक प्रकारची आस्था आहे, ती निळ्या रेघांच्या तक्त्यात असली तरी.

पण मोजायचं म्हणजे काय आणि कसं, हे भाषा ठरवते. ३७,५०० हा आकडा ऐकून मामा म्हणाले, “म्हंजी निम्मी म्हस.” पंढरपुरी म्हशीच्या जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता पिकांचं बघू. पॅकेजमध्ये हेक्टरी दर असे होते: कोरडवाहूला १८,५००, हंगामी बागायतीला २७,०००, बागायतीला ३२,५००, तीन हेक्टरच्या मर्यादेत. यातले ८,५००, १७,००० आणि २२,५०० हे राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे ठरलेले दर. त्यावर रब्बीच्या बी-बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० राज्यानं वाढवले, आणि दोन हेक्टरची मर्यादा तीनवर नेली. हे श्रेय द्यायलाच हवं.

पण शासन निर्णयात या पैशाला काय नाव आहे, बघा. वर्तमानपत्रं ‘नुकसानभरपाई’ लिहितात. निर्णयात शब्द येतो ‘निविष्ठा अनुदान’. निविष्ठा म्हणजे शेतीत घालायच्या वस्तू: बी, खत, औषध. पुढच्या हंगामात उपयोगी पडावं म्हणून एका हंगामात एकदा द्यायची ही मदत. म्हणजे जे गेलं त्याचे हे पैसे नाहीतच. ते पुन्हा पेरण्यासाठी दिलेले आहेत.

हे लक्षात आलं तेव्हा मी फोन बाजूला ठेवला. कारण मग कविता आणि शासन निर्णय हे दोन वेगळे मजकूर राहतच नाहीत. गेलेल्याचा हिशेब कविताही मागत नाही आणि सरकारही देत नाही. दोघांचं म्हणणं एकच आहे: लढ. एक पाठीवर हात ठेवून म्हणतो, दुसरा खात्यावर रक्कम जमा करून.

*

पुराचं आणि दुष्काळाचं नुकसान एकसारखं नसतं. सोलापूरकराला दुष्काळ माहीत आहे. दुष्काळात पीक जातं, जनावर विकावं लागतं, माणूस पुण्याला जातो, पण जमीन जागेवर असते. पाऊस आला की तिच्यात पुन्हा ज्वारी उभी राहते. पूर जमीनच घेऊन जातो. मामांच्या दोन एकरांपैकी नदीकडच्या निम्म्या रानात आता खाली मुरूम दिसतो. उरलेल्यात गाळ आणि कुणाच्या तरी ठिबकच्या नळ्या.

यासाठी पॅकेजमध्ये स्वतंत्र तरतूद होती. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि मनरेगातून हेक्टरी ३ लाखांपर्यंत. ऐकायला चांगलं वाटतं. मामांनी हिशेब मांडायला सांगितला, तो असा.

एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. फक्त अर्धा फूट, म्हणजे १५ सेंटीमीटर माती गेली असं धरा. झाली १,५०० घनमीटर. माती विकत घेताना आपण ब्रासमध्ये घेतो, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. म्हणजे सुमारे ५३० ब्रास. ४७,००० ला ५३० नं भागा: एका ब्रासला ८९ रुपये. “एवढ्यात ट्रॅक्टरवाला फोन बी उचलायचा न्हाई,” मामा म्हणाले. मनरेगाचे तीन लाख पूर्ण मिळाले असं धरलं तर ब्रासला साडेसहाशेच्या आसपास जातं. पण ते हातात येणारे पैसे नाहीत. ते काम मंजूर झाल्यावर, हजेरीपत्रक भरल्यावर, मोजमाप झाल्यावर खर्च होणारे. आणि आणायची माती आणायची कुठून? शेजारच्याचीही गेली आहे.

या सगळ्या काळात जिल्ह्यात एक मागणी घुमत होती: ओला दुष्काळ जाहीर करा. सरकारचं उत्तर होतं की असा शब्द नियमांत नाही, मात्र दुष्काळात मिळतात त्या सवलती लागू करू. जमीन महसुलात सूट, पीक कर्जाचं पुनर्गठन, मुलांच्या परीक्षा शुल्कात माफी. सवलती आल्या, शब्द आला नाही. एखादी गोष्ट लोकांच्या तोंडी वर्षानुवर्षं असते आणि नियमावलीत तिला जागा नसते, तेव्हा दर वेळी नव्यानं विनवणी करावी लागते. दुष्काळाला पैसेवारी आहे, निकष आहेत, तारखा आहेत. पुराला दुष्काळाचेच कपडे घालून उभं केलं जातं, आणि ते अंगाला बसत नाहीत.

अटींचा एक किस्सा तुम्हाला आठवत असेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली बुडालेलं असताना निघालेल्या शासन निर्णयात मोफत गहू-तांदळासाठी अट होती: क्षेत्र दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्याखाली असावं. सोशल मीडियावर चीड उसळली. ती अट जुन्या निकषांतून आलेली होती, कुणी दुष्टपणे त्या रात्री बसून लिहिलेली नव्हती. पण मला तोच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. या गद्याला लेखक नसतो. एका निर्णयातून वाक्य उचललं जातं, दुसऱ्यात बसतं, आणि छतावर बसलेल्या माणसाला सांगतं की अजून काही तास थांब. पिकाला ३३ टक्क्यांची अट आहे, तीही तशीच. ३२ टक्के नुकसान झालेल्या माणसाला हे गद्य ओळखत नाही.

*

आणि मग ते लोक, जे कुठल्याच रकान्यात नाहीत.

मामांचं स्वतःचं रान दोन एकर. आणखी तीन एकर ते दुसऱ्याचं वाट्यानं करतात. बियाणं मामांचं, मेहनत मामा-मामीची, पीक निम्मं-निम्मं. त्या तीन एकरांतलं सोयाबीन गेलं, तेव्हा ते दोघांचं गेलं. मदत मात्र सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या खात्यावर. मालक चांगला असेल तर वाटून देईल. म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी खिशाकडे बघणं आलं, आणि कवितेतल्या मुलाला नेमकं तेच नको होतं.

मामीचं नाव सातबाऱ्यावर नाही. गावातल्या मजूर बायकांचं तर कुठेच नाही. त्यांचा सोयाबीन काढणीचा, कांदा लागवडीचा अख्खा हंगाम बुडाला. गेलेली मजुरी हे नुकसानच नाही, असं तक्ता न बोलता सांगतो. 

पंचनामा करायला आलेला माणूस भला होता, हेही सांगते. तीन दिवसांत किती गावं फिरला कोण जाणे, त्याच्या बुटांत चिखल वाळला होता. त्यानं मामांना विचारलं, काय काय गेलं? मामांनी सांगायला सुरुवात केली: बांधावरची दोन चिंचेची झाडं, आजोबांनी लावलेली, विहिरीकडे जायची पायवाट, कडब्याची गंजी. तो ऐकत होता, पण लिहीत नव्हता. लिहायला जागाच नव्हती. पंचनाम्यात आपलं दुःख आपल्याला तिसऱ्या माणसासारखं ऐकावं लागतं: ‘सदर खातेदाराचे क्षेत्र बाधित झाल्याचे दिसून आले.’ मामांनी खाली सही केली. मग आधार, ई-केवायसी, फार्मर आयडी. पाण्यात फोन गेलेल्या माणसाला ओटीपी येतो कुठे, हा प्रश्न त्या भल्या माणसानंच हसत विचारला.

*

मग काय, मागायचंच नाही? की मागताना मान खाली घालायची?

आमच्या घरातच याचं उत्तर होतं. माझी आजी, मामांची आई, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. त्या काळाविषयी ती पुष्कळ बोलायची: हातांवरचे फोड, सुकडी, रस्त्याच्या कडेला झोळीत झोपवलेले मामा. पण ‘सरकारनं दिलं’ असं ती कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. ती म्हणायची, “कामाचं घेतलं.” त्या दुष्काळातून, वि. स. पागे यांच्या आग्रहातून, मोर्च्यांमधून महाराष्ट्रात रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसाला काम मागण्याचा हक्क आहे, असं त्या कायद्यानं म्हटलं. पुढे २००५ मध्ये देशानं तसाच कायदा केला. तो राबवताना काय काय झालं ती वेगळी गोष्ट आहे. पण वाक्य बदललं होतं. ‘देण्यात येईल’च्या जागी ‘हक्क आहे’ आलं होतं. ते वाक्य कोरड्या जिल्ह्यांतल्या, खडी फोडणाऱ्या बायांनी मिळवलं होतं, आणि ते मागताना कुणाचा कणा मोडला नव्हता.

पुरासाठी असं वाक्य आपल्याकडे अजून नाही. निकष आहेत, दर आहेत, मर्यादा आहे, पॅकेज आहे. पॅकेज जाहीर होतं, म्हणजे ते कमी-जास्त होऊ शकतं, लवकर-उशिरा येऊ शकतं, पिशवीवर कुणाचा तरी फोटो छापून येऊ शकतं. हक्कावर फोटो छापता येत नाही. गेलेल्या मातीचा, बुडालेल्या मजुरीचा, वाट्यानं केलेल्या रानाचा हिशेब मागता येईल असं एखादं साधं वाक्य नियमांत यावं, एवढंच मला या दोन्ही मजकुरांच्या वाचनातून म्हणायचं आहे. ‘कणा’ ही कविता तिच्या जागी, त्या सरांच्या घरात, खरी आहे. तिला मंत्रालयाच्या दारात उभं करू नका. तिथे उभं राहिलेल्या माणसाला धीर नको असतो, पावती हवी असते.

*

मामांच्या खात्यावर दोन एकरांचे पैसे आले. वाट्याच्या रानाचं मालकाशी अजून बोलणं चालू आहे. मी जानेवारीत गेले तेव्हा वरच्या अंगाला मालदांडी निसवली होती, हुरड्याला आली होती. नदीकडचं रान तसंच होतं, मुरमाचं. मामा म्हणाले, माती भरायला दोन-तीन वर्षं जातील, तवर बघू. मामीनं चार कोंबड्या नव्या घेतल्या आहेत.

२७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. सकाळी सातलाच ग्रुपवर पुण्याच्या मावसभावाची ‘कणा’ आली, या वेळी गुलाबांच्या चित्रावर. सगळ्यांनी अंगठे दिले. मामा सहसा ग्रुपवर काही लिहीत नाहीत. त्या दिवशी त्यांनी व्हॉइस मेसेज टाकला. मागे मोटारीचा आवाज होता, बहुधा शेजाऱ्याच्या विहिरीवरून बोलत असावेत.

“चांगली हाय रं कविता. पर त्या पोराचं नाव यादीत आलंय का, तेवढं बघून सांगा कुणीतरी.”